बिनचिठ्ठीचं कापड

बॅग रिकामी झाल्याशिवाय नवं कापड घरात आणायचं नाही, अशी शपथ अनुजानं मार्चमध्ये वैभवच्या देखत घेतली होती. नवऱ्याच्या देखत घेतलेली शपथ मोडायची म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकून घ्यायची तयारी पाहिजे, आणि ती काही तिच्यात नव्हती. त्यामुळे मे महिना लागला तरी दिवाणाखालची ती भलीथोरली निळी बॅग एकीकडे आणि अनुजा एकीकडे, अशी झुंज चालूच होती.

बॅगेत म्हणाल ते होतं. परळच्या लॅबमधून सुटल्यावर फुटपाथवर दिसलेला पाऊण मीटर, दादरला सेलमध्ये 'फक्त बघायला' गेली असताना आणलेला दीड मीटर, कुणाच्या तरी पडद्यांतून उरलेलं सशांचं कापड, आणि असं बरंच. प्रत्येक तुकडा घेताना ह्याचं आकांक्षाला काहीतरी छान होईल असं तिला अगदी मनापासून वाटलेलं होतं. फक्त आकांक्षा वाढत होती आणि कापड काही वाढत नव्हतं. तीन वर्षांची असताना जो तुकडा अख्ख्या फ्रॉकला पुरला असता, त्यात आता सातव्या वर्षी जेमतेम दोन बाह्या बसत होत्या. वैभव म्हणायचा, दुकान टाक, पाटी मी रंगवून देतो.

शाळेला सुट्टी लागली तशी अनुजानं मशीन बाहेर काढलं. मशीन सासूबाईंचं. गिरणी बंद पडली त्या वर्षांत गंगुबाईंनी त्याच्यावर लालबागच्या अर्ध्या चाळीचे परकर शिवले होते आणि त्यावर घर चालवलं होतं. आता वैभवनं त्याला मोटर बसवली होती, आणि गंगुबाईंचं ठाम मत होतं की तेव्हापासून ते बिघडलं. पण चालत होतं झकास. पहिला फ्रॉक सशांचा झाला. दुसरा चौकडीचा झाला, त्याची चौकट शिवणीवर जुळली नाही, पण आकांक्षा पळत असते तेव्हा ते कुणाला दिसायचं नव्हतं. तिसऱ्याला दोन वेगळ्या फुलांची कापडं लागली आणि तो सगळ्यांत गोड निघाला.

चौथा वाढदिवसाचा. वाढदिवस रविवारी होता, आणि ह्या फ्रॉकच्या बाबतीत आकांक्षानं आधीच अटी घातलेल्या होत्या. गोल फिरल्यावर तो छत्रीएवढा फुलला पाहिजे. आणि त्याला खिसे पाहिजेत, एक नाही, दोन, कारण सशांच्या फ्रॉकला आईनं एकच खिसा दिला होता आणि हा तिच्या मते सरळसरळ अन्याय होता. घेराला निळं पॉपलीन भरपूर होतं. पण वरचा भाग, बाह्या आणि ते दोन खिसे कशातून काढायचे? अनुजानं बॅग दोनदा उपडी केली. निळ्याच्या जवळ उभं राहील असं एक कापड सापडेना. खाली उतरून पाच मिनिटांत आणता आलं असतं, पण शपथ आड आली.

राहता राहिली सासूबाईंची ट्रंक.

ह्या ट्रंकेत गंगुबाईंचे ब्लाऊजपीस होते. लग्नं, बारशी, हळदीकुंकू, गौरी, जिथं जिथं कुणी त्यांची ओटी भरली तिथं तिथं मिळालेले. हे पीस शिवण्यासाठी नसतातच मुळी. ते आपल्याकडे येतात, थोडे दिवस राहतात आणि कुणाची तरी ओटी भरायची वेळ आली की पुढं जातात. एखादा पीस सहा घरं फिरून येतो तरी त्याची घडी मोडलेली नसते. ह्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. नियम एकच आहे आणि तो कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही. ज्या बाईनं पीस दिला, तो तिलाच परत द्यायचा नाही.

चार वर्षांपूर्वी गंगुबाईंनी नेमकं तेच केलं, आणि तेही पोटच्या मुलीला. चाळ पाडल्यावर नवं घर मिळेपर्यंत सगळे अँटॉप हिलला भाड्याच्या खोलीत राहत होते. सामान इकडंतिकडं झालेलं, ट्रंक कपाटावर, कपाट दाराआड. मोठी लेक वैशाली आली होती. जाताना आईनं तिची ओटी भरली आणि हाताला लागला तो पीस दिला. तो वैशालीनंच आठ महिन्यांपूर्वी आईला आणला होता, महेश्वरच्या सहलीत चार दुकानं पालथी घालून. त्या वेळी ती काय काय बोलली ते वैभवनं अनुजाला नंतर सांगितलं होतं, कारण अनुजा तेव्हा माहेरी चिपळूणला होती. मी दिलेलं तू उघडूनसुद्धा बघितलं नाहीस, वैशाली म्हणाली. गंगुबाई चुकलं म्हणाल्या असत्या तर तिथंच मिटलं असतं. पण त्या म्हणाल्या, एवढ्याशा कापडासाठी कसला तमाशा. वैशालीनं तो पीस खाटेवर टाकला आणि ती चालती झाली. नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये राहते ती, नवरा विकास पोलिसात. नायगावहून लालबाग बसनं दहा-पंधरा मिनिटं. पण नव्या घराला दोन वर्षं झाली तरी वैशालीनं त्याचा उंबरा पाहिलेला नव्हता. भाचीला ती भेटायची, पण बाहेर, दादरला, वैभवनं नेली तर.

तेव्हापासून गंगुबाईंनी एक नवीनच सुरू केलं होतं. आलेल्या प्रत्येक पीसला टाचणीनं एक चिठ्ठी लावायची. चौथीपर्यंतच्या शिक्षणाच्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहायचं, 'देविका, चौथा मजला, बारसं', नाहीतर 'राजलक्ष्मीबाई, हळदीकुंकू'. म्हातारपणी आईला काय खूळ लागलंय, असं वैभव म्हणायचा. अनुजाला ते खूळ वाटलं नव्हतं, पण तिनं कधी तोंड उघडून विचारलंही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी गंगुबाई खाली भजनाला निघाल्या होत्या, एक पाय लिफ्टमध्ये होता, तेवढ्यात अनुजानं विचारून घेतलं. आई, आकांक्षाच्या फ्रॉकला ट्रंकेतलं थोडं कापड घेऊ का?

"चिठ्ठी लावलेल्यांका हात लावू नको," गंगुबाई म्हणाल्या. "बाकी काय व्हया ता घे."

अनुजानं ट्रंक उघडली. पन्नासेक तरी पीस होते, सगळ्यांना चिठ्ठ्या. तळाशी, जुन्या साडीच्या घडीत, एकच निघाला ज्याला चिठ्ठी नव्हती. हळदीच्या रंगाचा, फिकट, अंगावर बारीक निळ्या बुट्ट्या. निळ्या पॉपलीनवर धरून बघितला तर जसा काही त्याच्यासाठीच विणला होता. अनुजा जाम खूश झाली. बिनचिठ्ठीचा म्हणजे बिनधन्याचा, असं तिनं धरलं, आणि शुक्रवारी लॅबमधून आल्यावर कात्री चालवली. रात्री जेवायच्या आधी फ्रॉक तयार होता. आकांक्षानं तो घालून हॉलमध्ये गिरक्या घेतल्या. तो छत्रीएवढा फुलला, दोन्ही खिशांत दोन्ही हात गेले, आणि आई जगातली एक नंबर आहे असं जाहीर झालं. गंगुबाई तेव्हा आत देवापुढं बसल्या होत्या, त्यांनी नुसता आरडाओरडा ऐकला.

शनिवारी सकाळी वैशालीचा वैभवला फोन आला. उद्या वाढदिवसाला घरी येते म्हणाली. एवढंच बोलली आणि ठेवला.

वैभव फोन हातात धरून तसाच उभा राहिला. गंगुबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पुढची जुडी सोडली. भाजी निवडत होत्या, ती निवडून झाली. मग दुपारी लॅबमधून अर्ध्या दिवसानं अनुजा आली, तशा त्या तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"ट्रंकेत तळाक एक कापड असा बघ. पिवळा, निळ्या बुट्ट्यांचा. ता काढ आणि माका आजच्या आज पोलका शिवून दी."

अनुजाच्या हातातलं पाण्याचं भांडं हातातच राहिलं.

गंगुबाई सांगत होत्या. वैशालीनं खाटेवर टाकलेला तो पीस त्यांनी चार वर्षं वेगळा ठेवला होता. वैशाली ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्याचा ब्लाऊज अंगात घालून दारात उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलेलं. "तोंडान सांगूक माका जमाचा नाय. ती बघीत आणि समजात," त्या म्हणाल्या. सासूबाई एका दमात एवढं बोललेल्या अनुजानं कधी ऐकलं नव्हतं, आणि नेमकं आत्ताच त्यांना अडवावं लागणार होतं.

"आई," ती म्हणाली, "ते मी कापलं."

गंगुबाईंनी आधी ऐकलंच नसल्यासारखं केलं. मग अनुजानं कपाटातून फ्रॉक आणून पुढं धरला. त्यांनी बाही चिमटीत धरून बघितली, खिशात दोन बोटं घालून बघितली, शिवण उलटी करून बघितली. चार वर्षं जपलेलं कापड सात वर्षांच्या पोरीच्या अंगभर झालं होतं. अनुजाला रडू यायला लागलं. तिनं सांगितलं, की तुम्हीच म्हणालात ना, चिठ्ठी नसेल ते घे, आणि त्याला चिठ्ठी नव्हती.

"त्याका चिठ्ठी कशाक लावतलंय?" गंगुबाई म्हणाल्या. "ता काय आठवणीत ठेवूक व्हया होता?"

त्या ओरडल्या असत्या तर अनुजाला परवडलं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि फ्रॉकची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, फ्रॉक बरो शिवलंस. आणि उठताना म्हणाल्या, उद्या पोरीला हा तेवढा घालू नको. वैशालीला दिसलं तर ती म्हणेल, आधी माझंच मला परत दिलं, मी नाही घेतलं तर पोराटोरांना फाडून दिलं. पुन्हा ह्या घरात पाय टाकायची नाही.

हे खरंच होतं. वैशाली तशीच होती. अनुजाला तिची भीती नव्हती, पण चार वर्षांनी उघडणारं दार आपल्या कात्रीमुळं बंद होणार, ह्या विचारानं तिला रात्रभर धड झोप लागली नाही.

रविवारी चार वाजताच कोंडीरामकाका येऊन बसले. गंगुबाईंचे धाकटे दीर. रे रोडला लाकडाच्या वखारीत उभं आयुष्य काढलेले, आणि कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना सल्ला देणारे. वैभवनं त्यांना सगळं सांगितलं ही त्याची चूक. काकांचं म्हणणं, पोरीला तोच फ्रॉक घाला आणि वैशाली आल्या आल्या खरं काय ते सांगून टाका, एकदाच काय होईल ते होऊ दे. वैभवचं म्हणणं, फ्रॉक कपाटात आणि कपाटाला कुलूप. गंगुबाई वैभवच्या बाजूला. अनुजा खरं तर काकांच्या बाजूला होती, पण कात्री तिची असल्यामुळं तिला मत देता येईना. शेवटी आकांक्षाला सशांच्या फ्रॉकवर राजी करण्यात आलं. त्यासाठी तिला दोन आइस्क्रीम कबूल करावी लागली, एक आज आणि एक उद्या. कुलूप लावायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

साडेपाचला बेल वाजली. वैभव दार उघडायला गेला. गंगुबाई आपल्या रोजच्या ब्लाऊजमध्ये सोफ्याच्या कडेला बसून होत्या, उठावं की बसावं हे त्यांचं ठरत नव्हतं. वैशाली आत आली. हातात केकचा खोका, केस थोडे पांढरे झालेले, चेहरा ताठ. ती लिफ्टबद्दल बोलली, चौदाव्या मजल्यावर वारा छान येतो म्हणाली, वैभ्या तुझं पोट सुटलंय म्हणाली. काकांच्या पाया पडली. मग आईच्याही पडली, पण वर बघितलं नाही. अनुजाला म्हणाली, घर छान ठेवलंस गं.

तेवढ्यात आतून आकांक्षा आली. अंगात निळा-पिवळा फ्रॉक, दोन्ही हात दोन्ही खिशांत.

वैभवनं डोळे मिटले. अनुजानं स्वयंपाकघराच्या चौकटीला हात टेकला. आकांक्षाचं म्हणणं असं, जे तिनं पुढं कित्येक दिवस सगळ्यांना पटवून दिलं, की आत्या पहिल्यांदा घरी येणार आणि आपण एका खिशाचा फ्रॉक घालायचा, हे बरं दिसलं नसतं.

वैशालीनं भाचीकडं बघितलं. खाली वाकून बघितलं. बाहीवरून हात फिरवला.

"अगं बाई, किती गोड," ती म्हणाली. "हा कुठून घेतलास गं अनुजा? रंग काय सुंदर आहे."

अनुजानं सासूबाईंकडं बघितलं. गंगुबाई लेकीकडं बघत होत्या. चार वर्षं ज्या कापडासाठी ही पोरगी दारात आली नाही, ते कापड तिच्या हातात होतं आणि तिला ते ओळखू आलेलं नव्हतं. आता फक्त एक वाक्य. हाच बघ तो पीस, तूसुद्धा विसरलीस, मग मला काय बोलत होतीस. वादात गंगुबाई कधी हरल्या होत्या असं अख्ख्या चाळीत कुणी सांगितलं नसतं, आणि एवढा सोपा डाव त्यांच्या हाती उभ्या आयुष्यात आला नव्हता.

"अनुजानच शिवल्यान," गंगुबाई म्हणाल्या. "घरातल्याच कापडाचो."

एवढंच म्हणून त्या चहाला उठल्या. काका त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात घुसले. अनुजा कढईत बटाटेवडे सोडत होती, तिनं सगळं ऐकलं. काका हलक्या आवाजात म्हणत होते, वहिनी, बोला की आता, जिंकलात तुम्ही. तिला आठवतसुद्धा नाही.

"भावजी, गप ऱ्हवा," गंगुबाई म्हणाल्या. "माका जिंकूचा नाय."

काका गप्प राहिले. म्हणजे त्यांच्या मानानं. वडे खाताना त्यांनी दोनदा आकांक्षाला जवळ बोलावून फ्रॉक बघितला आणि दोनदा स्वतःशीच हसले, तेव्हा वैभवनं त्यांच्या ताटलीत न मागता तिसरा वडा टाकला. बाकी वाढदिवस मजेत झाला. केक कापला. आकांक्षानं गिरक्या घेऊन दाखवल्या, आत्याला खिशांची पूर्ण माहिती दिली. वैशाली हळूहळू सैल पडली. लॅबमध्ये काय चालतं ते अनुजाला विचारलं, मशीनला मोटर लावल्याबद्दल वैभवला ओरडली, कारण आईचं मशीन बिघडवलंस म्हणे. त्यावर गंगुबाई पहिल्यांदा मान वर करून हसल्या. आणि मग वैशाली म्हणाली, अनुजा, त्या पिवळ्या कापडातलं काही उरलं असेल तर मला दे हं, ब्लाऊजला नाही तर निदान पिशवीला तरी होईल.

उरलंय थोडं, अनुजा म्हणाली, आणि भांडी उचलायच्या निमित्तानं आत पळाली. आत वैभव ओट्याला टेकून आवाज न करता हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिलाही हसू आवरेना. पण हसून झाल्यावर तिला बरं वाटेना. आईंनी ओठावर आलेलं गिळलं होतं आणि ताईंना त्याचा पत्ताही नव्हता. असं गुपचूप मिटलेलं भांडण किती दिवस मिटलेलं राहणार, काका आहेत तोवर?

सात वाजता वैशाली निघाली. पर्स खांद्याला लावली. गंगुबाई म्हणाल्या, थांब, ओटी भरते. म्हणाल्या आणि दोघीही जागच्या जागी थांबल्या, कारण मागचं सगळं ओटी भरतानाच घडलं होतं. मग गंगुबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली. एकेक पीस उचलायचा, डोळ्यांजवळ नेऊन चिठ्ठी वाचायची, खाली ठेवायचा. वेळ लागत होता. वैशाली दारापर्यंत आली, मग आत आली.

"हे काय लावलंयस गं? नावं कसली?"

गंगुबाईंची बोटं टाचणीशी चाळा करत राहिली. अनुजानं हात पुसले आणि ठरवलं, की आता गप्प बसायचं नाही.

"ज्यानं दिलं त्याचं नाव," ती म्हणाली. "तुम्ही रागावून गेलात ना ताई, त्या आठवड्यापासून. एकही पीस बिनचिठ्ठीचा ठेवत नाहीत."

वैशालीनं एक पीस उचलला. मग दुसरा. मग ती खालीच बसली आणि एकामागून एक वाचत गेली. वैभव आणि काका दारात येऊन उभे राहिले. पन्नास चिठ्ठ्या, आणि एकाही अक्षराची घाई नाही. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला, आधी मऊ झाला आणि मग एकदम शोधायला लागला. तिनं तळापर्यंत हात घातला.

"माझं कुठंय?" ती म्हणाली. "मी दिलेलं? सगळ्यांचं ठेवलंस, माझंच नाही? पिवळाधमक होता, जरीच्या बुट्ट्या होत्या त्याला. टाकून दिलास होय?"

चार वर्षांत तिनं त्या कापडाला स्वतःच जर चढवली होती. पिवळ्याचा पिवळाधमकही केला होता. आता काका बोलणार, हे अनुजाला त्यांच्या श्वासावरून कळलं, म्हणून तीच आधी बोलली.

"जर नव्हती ताई त्याला. निळ्या बुट्ट्या होत्या. आणि रंग फिका होता, हळदीचा." तिनं आकांक्षाला खांद्याला धरून पुढं आणलं. "चिठ्ठी नव्हती म्हणून मी कापला. आईंनी तो वेगळा ठेवला होता. आज त्याचा ब्लाऊज घालून तुमच्यासाठी दारात उभ्या राहणार होत्या. मी घोळ केला."

आकांक्षानं परिस्थितीचं गांभीर्य ओळखून दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले.

वैशालीनं फ्रॉकची कड हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग आईकडं बघितलं, मग पुन्हा फ्रॉककडं.

"म्हणजे मी मघाशी एक तास ह्याचंच कौतुक..."

"दीड तास," काका दारातून म्हणाले. "पिशवीलापण मागितलास."

वैभवनं त्यांचा दंड धरला. पण वैशालीचे खांदे हलायला लागले होते, आणि ती रडतेय की हसतेय ते मिनिटभर कुणाला कळलं नाही. हसत होती. तोंडावर हात दाबून, कपाळ ट्रंकेच्या कडेला टेकून हसत होती. मग थांबली.

"तुला माहीत होतं," ती आईला म्हणाली. "मी दारात आल्यापासून माहीत होतं. बोलली का नाहीस? चार वर्षं मी तुला नाही नाही ते बोलले. एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं."

गंगुबाई पलंगाच्या कडेला बसल्या. लेकीच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटत होतं हे दिसत होतं, पण हात मांडीवरच होता.

"तुझा तोंड बंद करून माका काय गावतला?" त्या म्हणाल्या. "तेव्हा मीच बोलूक व्हया होतंय. कापड इसारलंय गो मी. तुका नाय इसारलंय."

वैशाली उठलीही नाही, गुडघ्यांवरच पुढं सरकली आणि आईच्या मांडीत डोकं घातलं. आता मात्र ती रडत होती, ह्यात शंका नव्हती. मीसुद्धा विसरले की गं, असं काहीतरी म्हणत होती. गंगुबाईंचा हात तिच्या केसांवर आला आणि तिथंच राहिला. अनुजानं डोळे पुसले. वैभव भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उगाच उलटत राहिला. काकांना बोलायला काही सुचलं नाही, असं घरात पहिल्यांदाच घडलं. आत्या खाली बसून रडते, हे आकांक्षाला बरं वाटेना. तिनं आपल्या उजव्या खिशातून केकमधली चुरगळलेली चेरी काढून आत्याच्या हातात दिली. वैशालीनं ती तशीच तोंडात टाकली.

थोड्या वेळानं गंगुबाईंनी नाक पुसलं आणि त्यांना वेळेचं भान आलं. उठ गो, ओटी भरतंय, तुका उशीर होतलो, विकासराव वाट बघत असतले, असं त्या एका दमात म्हणाल्या आणि नारळ कुठं आहे म्हणून अनुजाला विचारलं. अनुजा नारळ आणायला वळली.

"आणू नकोस," वैशाली म्हणाली. पर्स अजून तिच्या खांद्याला होती. ती तिनं काढून पलंगावर ठेवली, फोन काढला आणि नवऱ्याला लावला. तिकडून विकास काहीतरी विचारत होता, बराच वेळ विचारत होता.

"नाही हो, कुणी आजारी नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या. मी आज आईकडं राहिलेय."